परीक्षा उत्तीर्ण, प्रवेश नामंजूर

एकाच व्यक्तीने कायद्याच्या तीन परीक्षा तीन निरनिराळ्या ठिकाणी द्याव्यात, तिन्हींत उत्तीर्ण व्हावे, आणि तरीही वकिलीची सनद हाती पडण्यास पहिल्या परीक्षेपासून एकोणतीस वर्षे लागावीत, हे आज ऐकणाऱ्यास कल्पित वाटेल. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या बाबतीत ते अक्षरशः घडले. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची उच्च परीक्षा दिली. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. दिली, १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. सनद मिळाली ती १९२१ साली. तेव्हा त्या पंचावन्नाव्या वर्षात होत्या. ज्या वयात पुरुष वकील न्यायासनावर बसतो किंवा निवृत्तीचा विचार करू लागतो, त्या वयात या विदुषीला न्यायालयाच्या दारातून अधिकाराने आत जाण्याची परवानगी मिळाली.

वकिलीच्या व्यवसायात कोणाला प्रवेश द्यावा आणि त्यासाठी शिक्षणाच्या कोणत्या अटी घालाव्यात, हा प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने पुढे येतो. अटी असाव्यात याबद्दल दुमत नाही. आपला वकील शहाणा की अडाणी, हे अशिलाला ताडता येत नाही. घर, शेत, वारसा आणि प्रसंगी प्राणही तो परक्या माणसाच्या हवाली करतो. म्हणून कोणीतरी आधी त्या माणसाची परीक्षा घेतली पाहिजे. परंतु प्रत्येक अट ज्ञान आणि चारित्र्य यांचेच मोजमाप करते का? ज्ञानाच्या नावाखाली ती दुसरेच काही मोजत असेल तर? ही पारख करण्यासाठी कॉर्नेलिया सोराबजी यांच्या चरित्राइतकी चांगली कसोटी क्वचितच सापडेल.

नाशिक ते डेक्कन कॉलेज

कॉर्नेलियांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले पारशी गृहस्थ. आई फ्रान्सिना यांना फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढविले होते. त्या दांपत्यातील लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांचेच नाव या मुलीला मिळाले. बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढली होती. घरात मुलींची संख्या मोठी होती, आणि मुलगी म्हणून कोणाचेही शिक्षण अर्ध्यावर सोडायचे नाही असा या कुटुंबाचा रिवाज होता. पुढे एक बहीण ॲलिस डॉक्टर झाली, तर दुसरी बहीण सुझी हिने पुण्यात सेंट हेलेना ही शाळा स्थापन केली.

मुंबई विद्यापीठाने मुलींना परीक्षेस बसू द्यावे यासाठी वडिलांनी बरीच खटपट केली. कॉर्नेलियांची पाळी येईपर्यंत ते दार किलकिले झाले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या दाखल झाल्या, तेव्हा तेथे शिकणारी स्त्री त्या एकट्याच होत्या. बी.ए.च्या परीक्षेत त्या पहिल्या वर्गात आल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांची नोंद केली जाते. अशा यशासाठी इंग्लंडात पुढील शिक्षण घेण्याची सरकारी शिष्यवृत्ती होती. गुण पुरेसे होते, क्रमांकही होता. परंतु शिष्यवृत्तीचा मानकरी स्त्री असू शकेल हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. शिष्यवृत्ती नाकारली गेली. पात्रता सिद्ध झाल्यावर ती पुरेशी नाही असे सांगितले जाण्याचा त्यांच्या आयुष्यातील हा पहिला मोठा प्रसंग.

मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा स्वीकारली. तेथे विद्यार्थी सारे पुरुष. म्हणजे पुरुषांना शिकविण्यास जी लायक ठरली, ती त्यांच्या बरोबरीने शिष्यवृत्ती घेण्यास नालायक ठरली होती. त्या काळच्या कारभाराला यात काही विसंगती आहे असे वाटले नाही.

इंग्लंडातील काही हितचिंतकांच्या कानी ही हकीकत गेली. मेरी हॉबहाउस आणि ॲडलेड मॅनिंग या स्त्रियांनी पुढाकार घेऊन निधी जमविला. त्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि पुढे दोनदा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झालेले सर विल्यम वेडरबर्न यांनीही हातभार लावला. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात पोचल्या.

ऑक्सफर्डची परीक्षा

ऑक्सफर्डमध्ये त्यांना थोर माणसांचा स्नेह लाभला. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांना आधार दिला. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन हे स्वतः घटनाशास्त्राचे नामांकित पंडित. त्यांच्यामुळे त्या कॉलेजचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांना खुले झाले. त्या ग्रंथालयात वाचक म्हणून बसलेली ही पहिलीच स्त्री.

परंतु अभ्यास करणे वेगळे आणि परीक्षेस बसणे वेगळे. बी.सी.एल. ही पदवी पुरुषांसाठी होती, आणि एका परीक्षकाने तर स्त्रीची उत्तरपत्रिका तपासण्यासच नकार दिला. अखेरीस विद्यापीठाच्या सभेला खास ठराव करावा लागला आणि १८९२ साली त्या परीक्षेस बसल्या. ही परीक्षा देणारी ऑक्सफर्डच्या इतिहासातील ती पहिली स्त्री होती. निकाल लागला तो तिसऱ्या वर्गाचा. चरित्रकाराला हा तपशील लपवावासा वाटेल. पण तो लपविण्याचे कारण नाही. कॉर्नेलियांनी सोपी परीक्षा मागितली नव्हती. पुरुषांची जी प्रश्नपत्रिका तीच त्यांची, पुरुषांचे जे परीक्षक तेच त्यांचे, आणि पुरुषाला ज्या मापाने तिसरा वर्ग मिळतो त्याच मापाने तो त्यांनाही मिळाला. एवढेच त्यांचे मागणे होते. पदवी मात्र मिळाली नाही. स्त्रियांना पदवी देण्याचा निर्णय ऑक्सफर्डने १९२० साली घेतला, आणि कॉर्नेलियांची पदवी त्यांना १९२२ साली, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी देण्यात आली.

अटी कोणासाठी कठीण होत्या

येथे त्या काळच्या अटी नेमक्या काय होत्या हे पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंडात वकिलीच्या दोन शाखा होत्या व आहेत. अशिलाशी थेट संबंध ठेवणारा, दस्तऐवज करणारा, दाव्याची तयारी करणारा तो सॉलिसिटर. आणि न्यायालयात उभा राहून युक्तिवाद करणारा तो बॅरिस्टर. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला प्रथम सामान्य शिक्षणाची प्राथमिक परीक्षा द्यावी लागे. मग एखाद्या सॉलिसिटरच्या कचेरीत करार करून पाच वर्षे उमेदवारी करायची. विद्यापीठाचा पदवीधर असेल तर ही मुदत तीन वर्षांवर येई. या काळात आणखी दोन परीक्षा. उमेदवाराला वेतन मिळण्याऐवजी बहुधा त्यालाच आपल्या गुरूला मोठी रक्कम द्यावी लागे. शिवाय करारनाम्यावर जबर मुद्रांक शुल्क असे. पदवी सक्तीची नव्हती. ती असली तर वाट थोडी जवळची होई. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही सॉलिसिटर आणि बॅरिस्टर अशी ही दुहेरी पद्धत इंग्लंडाच्या नमुन्यावर चालत असे. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून ती गेली, तरी सॉलिसिटरची उमेदवारी आणि परीक्षा मुंबईत त्यानंतरही चालू राहिली.

बॅरिस्टर होण्यासही पदवीची सक्ती नव्हती. याचे सर्वांत परिचित उदाहरण मोहनदास करमचंद गांधी यांचे. ज्या मुंबई विद्यापीठाने कॉर्नेलियांना पहिला वर्ग दिला, त्याच विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा गांधीजींनी १८८७ साली दिली. भावनगरच्या सामळदास कॉलेजात जेमतेम एक सत्र काढून ते १८८८ साली लंडनला गेले, इनर टेंपलमध्ये दाखल झाले, ठरावीक सत्रांची ठरावीक जेवणे जेवले, रोमन कायदा आणि इंग्रजी कायदा यांच्या परीक्षा दिल्या, आणि जून १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. या परीक्षा फारशा अवघड नव्हत्या हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे. त्याच सुमारास, लंडनपासून रेल्वेच्या थोड्याच अंतरावर, त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली, बी.ए.ला पहिला वर्ग मिळविलेली एक हिंदी स्त्री त्याहून कितीतरी कठीण अशा कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत होती. तिच्यासाठी मात्र कोणत्याही इनचे दार उघडणार नव्हते. गांधीजींचा यात दोष नव्हता. त्यांनी नियमाप्रमाणे जे करायचे ते केले. प्रश्न नियमाचा आहे. मॅट्रिक झालेला पुरुष चालतो आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेली स्त्री चालत नाही, तेव्हा अटीचा शिक्षणाशी संबंध उरत नाही. शिक्षण हे तेथे केवळ निमित्त असते.

परीक्षेनंतर कॉर्नेलियांनी लंडनमधील ली आणि पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या कचेरीत काही काळ काम केले. दस्तऐवज कसे वाचावेत, मिळकतीचे हक्क कसे तपासावेत, अशिलाचे म्हणणे कागदावर कसे उतरवावे, हे त्यांनी तेथे हातांनी शिकून घेतले. उमेदवार जे शिकतो ते सारे त्या शिकल्या. मात्र सॉलिसिटर होण्याचा मार्ग त्यांना बंद होता. ज्ञान मिळाले, नाव नोंदले गेले नाही.

पडद्याआडचे अशील

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्यापुढे जे काम होते त्याची निकड कोणाही विचारी माणसाला पटावी अशी होती. बंगाल, बिहार, काठेवाड येथील जमीनदार व संस्थानिक घराण्यांतील स्त्रिया पडद्यात राहत. नवरा वारला की विधवेच्या नावावर मोठी जिंदगी येई, किंवा अज्ञान मुलाच्या वतीने ती सांभाळण्याची जबाबदारी येई. दिवाण, कारभारी, दीर, भाऊबंद हे सारे पुरुष. कागद आत जाई, अंगठा उठवून बाहेर येई. कागदात काय लिहिले आहे, हे अंगठा उठविणारीला ठाऊक असेलच असे नाही.

न्यायालयांना हे कळत नव्हते असे नाही. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्तऐवज पुढे आला, तर तिला त्याचा अर्थ समजला होता आणि तिने तो राजीखुशीने केला होता, हे त्या दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलने घालून दिला होता. तिला स्वतंत्र कायदेशीर सल्ला मिळाला होता का, हा त्यातील कळीचा मुद्दा असे. परंतु हा सल्ला देणार कोण? पुरुष वकील जनानखान्यात जाऊ शकत नव्हता. तो पडद्याबाहेर बसणार, मधल्या कोणीतरी निरोप आतबाहेर करणार, आणि हा मधला माणूस बहुधा त्या विधवेच्या विरुद्ध पक्षाचाच असणार! आत जाऊन, समोर बसून, तिच्या भाषेत कागद समजावून सांगणारी व्यक्ती स्त्रीच असू शकत होती. आणि स्त्रीला सनद नव्हती. एका हाताने न्यायालय स्वतंत्र सल्ल्याचा आग्रह धरीत होते आणि दुसऱ्या हाताने तो देऊ शकणाऱ्या एकमेव व्यक्तीला दाराबाहेर ठेवीत होते. प्रवेशाच्या अटी अशिलाच्या रक्षणासाठी असतात असे म्हणतात. येथे अटीने अशिलालाच निराधार केले.

कॉर्नेलियांनी मिळेल त्या फटीतून काम सुरू केले. काठेवाड आणि इंदूर येथील एजन्सींच्या न्यायालयांत पडदानशीन स्त्रियांच्या वतीने उभे राहण्याची परवानगी त्यांना मिळाली. फौजदारी कायद्यात न्यायालयाच्या अनुमतीने वकिलाखेरीज इतर व्यक्तीलाही आरोपीची बाजू मांडता येत असे. त्या सवलतीचा आधार घेऊन १८९६ साली त्या ब्रिटिश न्यायालयातही उभ्या राहिल्या. संस्थानी न्यायदानाचा एक अनुभव त्यांनी आठवणींत नोंदला आहे. एका हत्तीच्या उदरनिर्वाहाच्या हक्कासंबंधीचा तो दावा होता. संस्थानिकाने तो ऐकून न घेताच त्यांच्या बाजूने निकाली काढला, कारण त्याच्या कुत्र्याला त्या आवडल्या! हा किस्सा हसून सोडून देण्यासारखा वाटतो, पण त्यामागे वेदना आहे. युक्तिवादाच्या बळावर जिंकायला निघालेल्या स्त्रीला कौतुकाच्या बळावर जिंकविले जात होते. नवलाची वस्तू म्हणून मिळालेला मान आणि व्यावसायिक म्हणून मिळालेला हक्क यांतील अंतर त्यांना यावरून कळले असेल.

हक्क मिळवायचा तर तो येथील परीक्षांतून मिळवावा, म्हणून त्यांनी मुंबईची एलएल.बी. दिली आणि मग अलाहाबादची वकिलीची परीक्षा. त्यांचा धाकटा भाऊ बॅरिस्टर होऊन अलाहाबादलाच वकिली करीत होता, आणि त्या त्याच्या कामात मदत करीत होत्या. एकाच घरात वाढलेल्या भावंडांपैकी एकाला उच्च न्यायालयाने मान दिला आणि तीन परीक्षा दिलेल्या बहिणीला सनद नाकारली. परीक्षेस बसू दिले होते. म्हणजे परीक्षेपुरती स्त्री चालत होती. उत्तीर्ण झाल्यावर ती चालेनाशी झाली.

शब्दाचा कीस

१९०२ पासून कॉर्नेलियांनी दुसरा मार्ग धरला. पडदानशीन स्त्रियांसाठी सरकारनेच एक स्त्री कायदा सल्लागार नेमावी, असा आग्रह त्यांनी इंडिया ऑफिसकडे चालविला. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारस आणि विधवा यांच्या जमीनदाऱ्यांचा कारभार सरकारच्या वतीने पाहणारे हे खाते. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे आला. कारभाऱ्यांचे हिशेब तपासणे, विधवांच्या नेमणुकीची रक्कम त्यांच्या हाती पडते की नाही हे पाहणे, भाऊबंदांचे तंटे मिटविणे, वारस मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था करणे, हे काम त्यांनी सुमारे वीस वर्षे केले. सहाशेच्या वर स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांची मदत झाली असे सांगतात. १९०९ साली त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मात्र या पदातही नव्हता.

या काळात इतर स्त्रियाही त्याच दारावर थापा मारीत होत्या. इंग्लंडात ग्विनेथ बेब या तरुणीने ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण मिळविले होते. तिने आणि आणखी तिघींनी सॉलिसिटर होण्यासाठीच्या प्राथमिक परीक्षेस बसण्याचा अर्ज केला. लॉ सोसायटीने तो परत पाठविला. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेले. १८४३ च्या सॉलिसिटरांच्या कायद्यात व्यक्ती असा शब्द होता, आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगाचाही समावेश मानावा असे कलमही होते. तरीही आजवर कोणी स्त्री या व्यवसायात आलेली नाही, म्हणून कायद्याला ती अभिप्रेत नाही, असा निर्णय डिसेंबर १९१३ मध्ये झाला. शतकानुशतके दार बंद होते, म्हणून ते बंदच असले पाहिजे, असा हा तर्क.

१९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा आणि १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज याच धाटणीने फेटाळला. या तिन्ही निकालांत एक गोष्ट ठळक दिसते. अर्जदार स्त्रीचे शिक्षण कमी आहे असे कोणीही म्हटले नाही. तिचे चारित्र्य सदोष आहे असेही कोणी म्हटले नाही. सारा खल झाला तो एका सर्वनामाच्या लिंगावर.

पहिल्या महायुद्धाने इंग्लंडातील जुन्या समजुती ढासळल्या. १९१९ च्या अखेरीस लिंगावरून अपात्र ठरविण्याची प्रथा रद्द करणारा कायदा झाला आणि डिसेंबर १९२२ मध्ये कॅरी मॉरिसन ही इंग्लंडातील पहिली महिला सॉलिसिटर झाली. ग्विनेथ बेब तो दिवस पाहण्यास हयात नव्हती. वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, १९२१ साली, ती मरण पावली. हिंदुस्थानात अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ साली आपला जुना नकार बाजूला ठेवून कॉर्नेलियांना सनद दिली. आणि १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी लिंकन्स इनमधून कॉर्नेलिया बॅरिस्टर झाल्या. त्याच इनमधून त्याच वर्षी बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा यांचे वय तेव्हा पंचविशीच्या आत होते. मुंबई उच्च न्यायालयात पुढे त्यांनी नाव मिळविले. एका पिढीने वाट काढण्यात आयुष्य घालवायचे आणि दुसरीने त्या वाटेने चालायचे, हा न्याय येथेही दिसला.

उशिरा उघडलेले दार

कोर्ट ऑफ वॉर्ड्सची नोकरी संपल्यावर कॉर्नेलियांनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. पण सनद देणे न्यायालयाच्या हाती असते, दावे देणे लोकांच्या. सॉलिसिटर आणि अशील दोघेही पुरुष वकिलांकडेच जात. न्यायालयात उभे राहण्याची वेळ क्वचितच येई; लेखी अभिप्राय देण्यावरच त्यांची वकिली भागविली गेली. १९२९ साली त्यांनी व्यवसाय आवरला आणि त्या लंडनला स्थायिक झाल्या. कायद्यातील अडसर निघाला म्हणजे समाजातील अडसरही निघतो असे नाही, हा त्यांच्या अखेरच्या व्यावसायिक वर्षांचा धडा.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटिश साम्राज्यावर त्यांची श्रद्धा होती. राष्ट्रीय चळवळीवर आणि गांधीजींवर त्यांनी टीका केली. हिंदी समाजाची निंदा करणारे कॅथरिन मेयो यांचे पुस्तक १९२७ साली आले, तेव्हा त्यांनी मेयोबाईंची बाजू घेतली आणि येथील सुशिक्षित स्त्रियांचीही सहानुभूती गमावली. ज्या राजवटीने शिष्यवृत्तीपासून सनदेपर्यंत त्यांना पावलोपावली अडविले, तिच्याविषयीची त्यांची ही निष्ठा आज चमत्कारिक वाटते. आपल्या देशात त्यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले, याचे एक कारण हे असावे. पण माणसाच्या मतांवरून त्याच्यावर झालेल्या अन्यायाचे मोल कमी होत नाही. राजकारणात चुकलेल्या माणसालाही परीक्षेत मिळालेल्या गुणांचा हक्क असतो.

आठवणींचे दोन ग्रंथ त्यांनी १९३४ आणि १९३६ साली प्रसिद्ध केले. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. ज्या इनचे दार तरुणपणी त्यांना बंद होते, तेथे आता त्या कायमच्या आत आहेत.

आजची कसोटी

या कहाणीचा आजच्या नियमांशी संबंध नाही असे कोणी समजू नये. इंग्लंडने सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सर्वांना समान अशी दोन टप्प्यांची परीक्षा आणली. त्याबरोबर पदवी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. हा अनुभव एकाच कचेरीत घेतला पाहिजे असे बंधन ठेवले नाही. एका मालकाच्या मर्जीवर उमेदवाराचे सारे भवितव्य अवलंबून राहू नये, हा त्याचा एक फायदा. आपल्याकडे २०१० पासून कायद्याच्या पदवीनंतर अखिल भारतीय वकिली परीक्षेची अट आली, आणि ती घालण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ साली मान्य केला. ज्ञानाची एकच कसोटी सर्वांना लावणारी परीक्षा स्वागतार्हच मानली पाहिजे. कॉर्नेलियांनीही तेवढेच मागितले होते.

पण प्रवेशाची वाट परीक्षेच्या सभागृहापाशी संपत नाही. सनदेच्या नोंदणीसाठी कायद्याने ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपये शुल्क ठरविले होते. तरी निरनिराळ्या नावांखाली राज्यांच्या बार कौन्सिलांकडून हजारो रुपये घेतले जात होते. कायद्यापेक्षा अधिक रक्कम घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२४ मध्ये द्यावा लागला. पदवी मिळविलेल्या, परीक्षा देण्यास तयार असलेल्या गरीब घरच्या मुलाला किंवा मुलीला शुल्काच्या खिडकीपाशी परत फिरावे लागत असेल, तर ती अटही ज्ञानाचे मोजमाप करीत नव्हती. उमेदवारीच्या वर्षांत हाती पडणारा तुटपुंजा पैसा, शहरात राहण्याचा खर्च, ओळखीपाळखीशिवाय मोठ्या कचेरीत न होणारा शिरकाव, या अलिखित अटी कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नाहीत. म्हणूनच त्या बदलणे अधिक कठीण असते.

अटी कडक असाव्यात, परीक्षा कठीण असावी, उमेदवारी कसून करून घ्यावी. त्यातच अशिलाचे हित आहे. मात्र जो कोणी त्या पुऱ्या करील त्याला आत घेतले पाहिजे, आणि त्या पुऱ्या करण्याची संधी बापाच्या पैशावर वा जन्माच्या योगायोगावर टांगती राहता कामा नये. सनदेसाठी आलेल्या अर्जावर शेरा मारण्यापूर्वी अधिकाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या उमेदवाराला काय येत नाही? त्याचे उत्तर देता येत नसेल, तर नकार देण्याचा अधिकार उरत नाही. अलाहाबादच्या न्यायालयाला १८९९ साली हे उत्तर देता आले नव्हते. ते देता येत नाही हे कबूल करण्यास त्याला बावीस वर्षे लागली.